बागेतल्या उंदीर-घुशींसाठी बोहरी आळीतला पिंजरा आणि अर्धा इंची जाळी: वापरून लिहितेय

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. बागेत उंदीर असतील तर लोखंडी पिंजरा घ्या, चांगला आहे, पाचपैकी चार स्टार. पण नुसता पिंजरा आणून थांबलात तर पैसे गेले समजा, त्याच दुकानातून अर्धा इंची वेल्डमेश जाळी (तारा वेल्ड केलेली, चौकोनी भोकांची) पण आणा, तिला माझ्याकडून पाचपैकी पाच. आवाज काढणाऱ्या अल्ट्रासोनिक मशीनला शून्य द्यायची सोय नसते म्हणून एक. आणि ते चिकट पॅड बागेत लावूच नका, का ते खाली लिहिलंय.

आमचं घर पुण्यात, कोथरूडच्या बाजूला, तळमजला, मागे छोटी बाग. एक नारळ, दोन पपया, अळू, चार वाफे आणि कोपऱ्यात कंपोस्टचा खड्डा. मागच्या पावसाळ्यात आधी रताळी गेली, मग टोमॅटो पिकायला लागला की रात्रीतून एका बाजूने कुरतडलेला, मग ठिबकच्या नळीला भोकं. नळीचं मला नवल वाटायचं की प्लास्टिक खाऊन यांना मिळतं काय, पण ते खायला नसतंच, उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात त्यामुळे त्याला काही ना काही कुरतडत राहावंच लागतं. तुमची नळी काय आणि गाडीची वायर काय, त्याला सगळं सारखंच.

पिंजरा घ्यायच्या आधी एक काम करा, बागेत नक्की कोण येतंय ते बघा. बहुतेक लोक इथेच गडबडतात. कुंपणाच्या कडेला नाहीतर ओट्याच्या पायाशी मोठं बीळ असेल आणि तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर ती घूस. जमिनीखालचं रताळं, भुईमूग, आलं, कंद हे तिचं खातं. मोठी घूस किलोभर वजनाची पण असते, पहिल्यांदा बघितल्यावर मांजरच वाटतं. जमिनीवर बीळ कुठेच नाही पण नारळ वरच्या वर पोखरून खाली पडतायत, पपई झाडावरच खाल्लेली आहे, तर तो काळा घरउंदीर, चढण्यात पटाईत, भिंत पाईप वायर काहीही चालतं त्याला. आणि रात्री भिंतीच्या कडेने चिक चिक करत लांबुडक्या नाकाचं काहीतरी पळताना दिसलं तर ती चिचुंद्री, ती उंदरांच्यातली नाहीच, ती झुरळं किडे खाते, वास घाण येतो ते मान्य पण तिला राहू द्या. आमच्याकडे पहिले दोन्ही होते. म्हणजे खाली घूस आणि वर उंदीर, मधे आम्ही.

तर पिंजरा. ऑनलाईन पण मिळतात, पण मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन आणला कारण असली वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो बरोबर विचारला, "ताई, चूहा है के घूस?" म्हटलं दोन्ही. "मग हा छोटा नका नेऊ, घूस याचं दार वाकवून जाते." मग आतून मोठा काढला, जाड तारेचा. साधा पिंजरा दोनशेच्या आसपास आणि हा मोठा पाचशेच्या वर, घासाघीस करून थोडा कमी. एक असाही असतो ज्यात उंदीर नरसाळ्यासारख्या तोंडातून आत जातात आणि बाहेर येता येत नाही, एका रात्रीत दोन-तीन पण अडकतात. तो घरउंदरांना मस्त, घुशीला तोंड पुरत नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. तारेची जाडी, बोटांनी दाबून वाकली तर ठेवून द्या. दुसरं म्हणजे दार पडल्यावर त्याला अडकवणारा खटका आहे का, कारण स्वस्तातल्या पिंजऱ्यात दार फक्त स्प्रिंगवर पडतं आणि आतला उंदीर नाकाने उचलून शांतपणे निघून जातो, सकाळी तुम्ही बघता तर आमिष संपलेलं आणि पिंजरा बंद. तिसरं, आमिष लावायचा आकडा. तो ढिला हवा, आमिष जरा हललं की सुटला पाहिजे. माझ्या पिंजऱ्याचा आकडा आधी इतका घट्ट होता की उंदराने सगळं खाऊन झालं तरी दार तसंच वर, मग नवऱ्याने पकडीने थोडा सरळ केला तेव्हा नीट चालायला लागला. एक स्टार त्याचा कापलाय.

आता आमिष. सासूबाईंचा आधी या सगळ्यालाच विरोध, "अगं गणपती तोंडावर आलेत आणि तू त्यांच्या वाहनालाच धरायला निघालीस?" म्हटलं आई, वाहनाने तुमचं अळू पण उपटलंय. मग शांत झाल्या आणि स्वतःच म्हणाल्या की ते ब्रेड-बिस्कीट काही लावू नकोस, खोबऱ्याचा तुकडा विस्तवावर भाज, कडा काळ्या होईपर्यंत, वास सुटला पाहिजे. खरं सांगते, भाजलेल्या खोबऱ्यासारखं काही नाही. सुकट पण चालते, पण तिला शेजारची मांजरं आधी येतात. शेंगदाण्याची चटणी चपातीत दाबून लावली तर घूस येते, पण बागेत मुंग्या तासाभरात फडशा पाडतात. खोबऱ्याला मुंग्या लागतात पण संपवू शकत नाहीत. नुसतं टोचू नका, बारीक तारेने आकड्याला बांधून टाका म्हणजे त्याला ओढावं लागतं.

आणि पहिल्याच रात्री काही मिळालं नाही म्हणून पिंजरा माळ्यावर टाकू नका. उंदराला नवीन वस्तूची भीती असते, रोजच्या वाटेवर काही वेगळं दिसलं की तो काही दिवस वळसा घालून जातो. म्हणून दार वर बांधून ठेवायचं, आत खोबरं ठेवायचं आणि चार-पाच रात्री त्याला फुकट खाऊ द्यायचं. खायला लागला की मग दाराची दोरी सोडायची. पिंजरा बागेच्या मधोमध ठेवून काही उपयोग नाही, उंदीर उघड्यावरून कमी जातो, भिंतीला अंग घासत जातो, जुन्या वाटेवर तर भिंतीला तेलकट काळा पट्टा पडलेला असतो. त्या पट्ट्याच्या खाली, भिंतीला चिकटून, तोंड वाटेकडे करून ठेवा. वर एखादं जुनं पोतं टाका.

संध्याकाळी अंधार पडला की लावायचा आणि सकाळी उजाडल्या उजाडल्या बंद करायचा, हे अगदी पाळा. दिवसा उघडा राहिला तर खार जाते. आमच्याकडे गेली होती, इतकी ओरडत होती की अख्खी गल्ली गोळा झाली. चिचुंद्री पण अडकते, सोडून द्यायची.

आता पिंजऱ्याचा सगळ्यात मोठा मायनस, जो दुकानदार सांगत नाही. पकडलेल्याचं करायचं काय? सकाळी सकाळी पिंजऱ्यात एक मिशाळ तोंड तारांमधून बाहेर काढून तुमच्याकडे बघत असतं, पुढचे पंजे तारेला धरलेले, अगदी माणसासारखी बोटं, आणि तुम्हाला ऑफिसला जायचंय. बादलीत बुडवणारे लोक आहेत, मला ते बघवत नाही आणि ते हाल करूनच मारणं आहे. टेकडीवर सोडायला जाऊ नका, टेकडीच्या पायथ्याशी पण लोकांची घरं आहेत, तुमचा त्रास त्यांच्या गळ्यात. आमच्याकडे नवरा स्कूटरवर लांब माळावर नेऊन सोडायचा, पिंजरा पोत्यात गुंडाळून, पण दर वेळी कुरकुर करून. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ चाप घ्यावा, जाड स्प्रिंगचा, एका झटक्यात मान मोडणारा. तो मात्र उघड्यावर ठेवायचा नाही, लाकडी खोक्याला उंदराएवढं भोक पाडून आत ठेवायचा, नाहीतर पक्षी, मांजराची पिल्लं, तुमच्याच घरातलं पोर, कोणाचंही बोट सापडेल.

काहीही करा, हातमोजे घाला. हे मी उगाच सांगत नाहीये. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पावसाळ्यात ओल्या मातीत ते जंतू टिकतात आणि पायाला चीर असेल तर तिथून आत जातात. मुंबईत दर पावसाळ्यात लेप्टोच्या बातम्या येतात त्या याच्याच. त्यामुळे उंदीर असलेल्या वाफ्यात अनवाणी उतरू नका, आणि लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा मग उचला. वाफ्यात काम केल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना बागेतल्या उंदरांचं आवर्जून सांगा, नुसता व्हायरल म्हणून अंगावर काढू नका.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. चिकट पॅड घरात लावणारे लावतात, पण बागेत त्याच्यावर आधी धूळ, मग पाऊस, मग पालापाचोळा, दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा होतो. आणि ज्या दिवशी चिकटतो त्या दिवशी उंदीर सोडून सगळं चिकटतं. शेजारच्यांच्या पॅडवर सरडा आणि बुलबुलाचं पिल्लू सापडलं होतं, गोडं तेल लावून लावून हळूहळू सोडवलं, पिल्लू काही वाचलं नाही. उंदीर चिकटला तरी लगेच मरत नाही, तासन् तास तडफडतो. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने राज्यांना या पॅडवर बंदी आणा असं कळवलेलं आहे, तरी दुकानात ढिगाने मिळतात.

अल्ट्रासोनिक मशीन. आम्हाला भेट आलं होतं, नाहीतर मी घेतलंच नसतं. अहो ही लहर भिंतीपलीकडे जात नाही, कुंडीपलीकडे जात नाही, उघड्यावर तर विरूनच जाते, आणि उंदीर त्याला थोड्या दिवसांत सरावतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ सालीच अशी मशीनं विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना, दाव्याला शास्त्रीय पुरावा पाहिजे, अशी ताकीद दिली होती. आपल्याकडे अजून हजार-दीड हजाराला विकतायत आणि रिव्ह्यूमध्ये लोक लिहितात 'लाईट छान लागतो'.

आता विष. यावर भांडणं होतात म्हणून नीट लिहिते. बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. एक त्या निळ्या-हिरव्या वड्या, त्यात ब्रोमाडिओलोन असतं ०.००५ टक्के, त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर खाल्ल्यावर काही दिवसांनी मरतो. उशिरा मरतो म्हणूनच ते चालतं, कारण बाकीच्यांना संशय येत नाही. कुत्र्याने चुकून खाल्लं तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण लगेच डॉक्टरकडे न्यायला पाहिजे, दिसायला बरा दिसतोय म्हणून वाट बघायची नाही. दुसरं काळी पावडर, झिंक फॉस्फाईड, शेतकरी वापरतात, ९६ भाग भरड धान्य, २ भाग गोडं तेल, २ भाग पावडर असं कालवून, आणि आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं खायला घालून मग. ते पोटातल्या आम्लात मिसळलं की फॉस्फिन वायू होतो आणि त्याला उतारा नाही. घराच्या बागेत, जिथे पोरं खेळतात, तिथे ही पावडर आणूच नका, शेताची गोष्ट वेगळी. तिसरी ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये येते, ती तर घरातच नको. लिव्हर जातं माणसाचं, आणि तिलाही उतारा नाही.

वड्या वापरायच्याच असतील तर कुलूप लागणाऱ्या काळ्या खोक्यात, आत तारेत ओवून, म्हणजे उंदीर तुकडा बाहेर ओढून नेणार नाही. पण माझं मत विचाराल तर बागेत शेवटचा उपाय म्हणूनच. विष खाल्लेला उंदीर मरायच्या आधी सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि तोच नेमका मांजर नाहीतर घुबडाला सापडतो, मग ते विष त्यांच्या पोटात. आमच्या नारळावर रात्री गव्हाणी घुबड येऊन बसतं, फुकटात काम करणारा माणूस आहे तो, त्यालाच मारायचं का? आणि दुसरं म्हणजे मेलेली घूस बिळात आत राहिली की पुढचे आठ दिवस मागचं दार उघडता येत नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्यांचा पण अनुभव घेतलाय, नाव लिहीत नाही. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. मुलगा आला, एक बीळ दिसलं त्यात चार वड्या टाकल्या, वरून पायाने माती लोटली, सही घेतली आणि गेला. कंपोस्ट बघितलं नाही, चेंबरचं झाकण बघितलं नाही, नारळाकडे मान वर करून बघितलं नाही. पुढच्या व्हिजिटला तेच. "अरे, हे येतायत कुठून ते शोध ना," म्हटलं तर म्हणतो, "मॅडम, ते आमच्या पॅकेजमध्ये नाही." खरंच नव्हतं, मी कागद वाचला. तर तुम्ही कॉन्ट्रॅक्ट करणार असाल तर सही करायच्या आधी विचारा की भोकं बुजवणं धरलंय का, आणि मेलेला उंदीर उचलायला येणार का. दोन्हीला हो म्हणणारा मिळाला तर मला पण सांगा.

आणि म्हणूनच जाळीला पाच स्टार. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः आईबाप. तुम्ही पिंजऱ्यात आठवड्याला एक पकडणार, हिशोब कुठे जुळणार? मुंबई महापालिका तर रात्री काठी-टॉर्च घेऊन उंदीर मारणारी माणसं कामाला ठेवते, रात्रीला ३० उंदरांचा कोटा, इतकी वर्षं चाललंय आणि मुंबईतले उंदीर आहेत तिथेच आहेत. जोपर्यंत खायला आणि राहायला आहे तोपर्यंत एक गेला की दुसरा त्याच खोलीत भाडेकरू.

तर जाळी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, वेल्ड केलेली, अर्धा इंची चौकोनाची. षटकोनी चिकन मेश देतील तुम्हाला स्वस्त म्हणून, ती घेऊ नका, घूस ती ओरबाडून काढते आणि लहान उंदीर तिच्यातून सरळ आत जातात. घरात बारकी उंदरं पण येत असतील तर पाव इंची घ्या, त्यांना पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं. आम्ही कंपोस्टचा खड्डा बंद केला आणि ड्रम घेतला, त्याच्या बुडाला आणि हवेच्या भोकांना जाळी, वर घट्ट झाकण. शिजवलेलं अन्न त्यात टाकायचं बंद, फक्त सालं, देठं आणि वाळका पाला, हा एकच बदल केला तरी निम्मं काम होतं, कारण खरी मेजवानी आमच्या उरलेल्या भाताची चालली होती. रताळ्याच्या वाफ्याला खालून जाळी अंथरली, माती काढून, कडा वर वळवून, कंबरडं मोडलं पण त्यानंतर रताळी आम्ही खाल्ली. कुंपणाच्या भिंतीला लागून जाळी फूटभर खोल पुरली आणि तळाशी इंग्रजी एल सारखी बाहेर वळवली, घूस भिंतीलगत उकरायला लागते आणि जाळीवर येऊन थांबते, मागे सरकून उकरायचं तिला सुचत नाही. चेंबरच्या झाकणाच्या फटीत सिमेंट, पावसाच्या पाण्याच्या पाईपच्या तोंडाला जाळीचा तुकडा. बीळ बुजवायच्या आधी एक दिवस कागदाचा बोळा लावून बघा, बोळा बाहेर ढकललेला दिसला तर आत कोणीतरी आहे, आधी पिंजरा मग सिमेंट.

वर सांगितलं त्या सगळ्याला मिळून जो खर्च आला तो वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टपेक्षा कमी होता, मेहनत मात्र दोन रविवार घरच्यांची आणि माळीकाकांची. आता उंदीर अजिबात येत नाहीत असं नाही, कधीमधी पिंजऱ्यात एखादा सापडतो, पण टोमॅटो पिकेपर्यंत झाडावर राहतो.

उरला नारळ. त्याला कोकणात करतात तसा पत्र्याचा पट्टा मारला, जमिनीपासून दोन मीटरवर, साधारण ४० सेंटीमीटर रुंद जीआय पत्रा खोडाभोवती गुंडाळून. उंदराची नखं त्यावरून घसरतात. पण झावळ्या गच्चीला नाहीतर शेजारच्या झाडाला टेकत असतील तर त्या आधी छाटा, नाहीतर तो खालून कशाला येईल, वरूनच येतो. पत्रा त्याच आळीत मापाने कापून देतात. घेताना कडा दुमडून द्यायला सांगा, नुसता कापलेला पत्रा बांधताना हात फाडतो.